एका मरणाचा एकच दावा

हृषीकेश गेला तेव्हा अस्मिता आयर्लंडमधल्या नावन गावी एका क्रेशमध्ये, म्हणजे पाळणाघरात, दुसऱ्यांच्या मुलांना दुपारचं जेवण भरवत होती. पुण्यात बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलेली ही बाई नवऱ्याच्या शिक्षणासाठी आयर्लंडला आली आणि मिळेल ते काम करत राहिली. त्याने मेनूथच्या विद्यापीठात मास्टर्स केलं, मोटरवेजवळच्या एका मोठ्या गोदामात प्लॅनिंगची नोकरी धरली. पुढे नावनला भाड्याचं घर झालं, मुलगी स्वरांगी तिथल्या शाळेत जायला लागली.

नाताळच्या तोंडावर गोदामात इतका माल यायचा की ऑफिसातल्या माणसांनाही खाली मोजणीला उतरवायचे. त्या दिवशी हृषीकेश दोन रॅकच्या मधल्या वाटेत खोकी मोजत होता आणि छतापर्यंत भरलेला रॅक त्याच्यावर कोसळला.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये राजीव भेटला. हृषीकेशच्याच टीममधला, दर गणपतीत यांच्या घरी जेवायला असणारा. तो भिंतीला टेकून रडत होता. म्हणाला, “वहिनी, त्या रॅकचा खांब वाकला होता. फोर्कलिफ्ट धडकली होती त्याला. मी आणि हृषीने, आम्ही दोघांनी जाऊन सुपरवायझरला सांगितलं होतं. तो म्हणाला, ख्रिसमसनंतर बघू.”

कंपनीची माणसं फार चांगली वागली. एचआरची बाई स्वतः सँडविचचे ट्रे घेऊन आली. पार्थिव पुण्याला न्यायची सगळी व्यवस्था त्यांनी केली. गल्लीतले शेजारी एकेक करून दारात आले, हात हातात घेऊन “सॉरी फॉर युअर ट्रबल” म्हणाले आणि गेले. अस्मिता पुण्याहून परत आली तेव्हा एचआरच्या बाईने तिला सांगितलं, “घाई करू नकोस. आधी कॉरोनरची, मृत्यूची सरकारी चौकशी होऊ दे. मग बसून बोलू.”

तिने विश्वास ठेवला. चौकशीची तारीख पुढे पुढे जात राहिली. क्रेशमध्ये काम करणाऱ्या एका आयरिश मैत्रिणीने एकदा सहज विचारलं, “तुझी सॉलिसिटर काय म्हणते?” तेव्हा अस्मिताला कळलं की आपल्याला सॉलिसिटर असायला हवी होती.

गावातल्या पहिल्याच वकिलाने कंपनीचं नाव ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. “आम्ही त्यांचंच काम बघतो,” तो म्हणाला. दुसऱ्याने फक्त घरखरेदीची कामं घेतो म्हणून सांगितलं. तिसरी भेटली ती नूला केरिगन, जवळच्या केल्स गावात एका खाटकाच्या दुकानावर ऑफिस असलेली, साठीला आलेली बाई. तिने आधी चहा दिला, मग विचारलं, “कधी गेला तो?”

अस्मिताने तारीख सांगितली. नूलाने बोटांवर महिने मोजले.

“दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. त्यातलं बरंच गेलंय. चौकशीसाठी थांब म्हणून तुला कुणी सांगितलं?”

“कंपनीने.”

“सांगणारच,” नूला म्हणाली.

मग तिने एकेक गोष्ट समजावली. कॉरोनर फक्त माणूस कोण होता, कुठे, कधी आणि कसा मेला एवढंच ठरवतो. चूक कुणाची यावर तो बोलत नाही. दावा आधी इंज्युरीज बोर्डाकडे, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जातो, कंपनीने तिथे नकार दिला की कोर्टात. आणि एका मरणाचा एकच दावा. बायको, मुलगी, आई-वडील, जे जे त्याच्यावर अवलंबून होते ते सगळे त्या एकाच दाव्यात.

“अवलंबून म्हणजे?”

“तो घरात काय आणत होता, किती वर्षं आणणार होता, ते मोजायचं. दुःखासाठी वेगळी रक्कम असते, पण तिला कायद्याने मर्यादा घातलीय, आणि तीही सगळ्यांत वाटून.”

“आणि त्यांची चूक झाली हे कोण म्हणणार?”

“ते म्हणायला लावणं माझ्या हातात नाही,” नूला म्हणाली. “तसं वचन कुठल्या वकिलाने दिलं, तर त्याच्याकडे जाऊ नकोस.”

घरी येऊन अस्मिताने सासऱ्यांना फोन लावला. मुरलीधरराव पुण्यात बँकेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. हृषीकेश महिन्याला तुम्हाला काय पाठवायचा, असं तिला विचारावं लागलं.

“काही नाही. मी घेतलंच नाही कधी त्याच्याकडून,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे कायद्याने मी त्याचा कुणीच नाही का?”

“तसं नाही, बाबा. दुःखाच्या भागात तुमचं आणि आईंचं नाव येतं.”

“नको घालूस. माझ्या दुःखाचा वाटा पाडायला मी त्यांना सांगणार नाही.”

नावं घालावीच लागली, कायदा तसा होता. त्यांनी कागदांवर सही करून पाठवली. त्यानंतर बरेच दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

दावा मुदतीत लागला. कॉरोनरची चौकशी त्यानंतर उभी राहिली. अस्मिताची सगळी भिस्त राजीववर होती. तो नवा सूट घालून आला, शपथ घेतली, आणि खांब वाकलेला पाहिला होता का या प्रश्नावर म्हणाला, “मला आठवत नाही.” सुपरवायझरला कुणी सांगितलं होतं का? “मला माहीत नाही.” बोलताना तो समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होता.

अस्मिताने त्याला बाहेर कार पार्कमध्ये गाठलं. “राजीव, तू मला हॉस्पिटलमध्ये काय सांगितलं होतंस?”

“वहिनी, माझं वर्क परमिट कंपनीच्या नावावर आहे,” तो म्हणाला. “बायको प्रेग्नंट आहे. नोकरी गेली तर मी जाणार कुठे?”

“हृषी कुठे गेला?” तिने विचारलं. त्याने गाडीचं दार उघडलं आणि आत बसला.

कंपनीच्या वकिलांना जोर चढला. त्यांचं उत्तर आलं: मयताने स्वतः पुरेशी काळजी घेतली नाही, त्या वाटेत जायला नको होतं हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. अस्मिताने ते वाक्य नूलाच्या ऑफिसात पुन्हा पुन्हा वाचलं. खालून खाटकाचा सुरा चालल्याचा आवाज येत होता.

काही महिन्यांनी राजीव पेढे घेऊन दारात आला. त्याला स्टॅम्प फोर मिळाला होता. आता तो कुठेही नोकरी करू शकत होता, नवी नोकरी त्याने पाहूनही ठेवली होती. “वहिनी, आता मी बोलू शकतो. सगळं सांगतो.”

तिने त्याला दारातच उभं ठेवलं, नूलाचा नंबर दिला आणि पेढे परत केले.

नूलाने त्याचा जबाब घेतला, पण ती खूश नव्हती. “याला साक्षीला उभं केलं की त्यांचा बॅरिस्टर एकच विचारणार. शपथेवर तू तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस? खरं आहे ते, पण अर्धं झालंय.”

अर्ध्या खऱ्यावर तडजोड झाली. कंपनीने पैसे दिले, जबाबदारी मान्य केली नाही. हृषीकेशचा निष्काळजीपणा धरून रक्कम कापली होती. हे कुठे लिहिलं नव्हतं, नूलाने तोंडी सांगितलं. अल्पवयीन मुलीचा हिस्सा असल्यामुळे डब्लिनच्या कोर्टात न्यायाधीशाची मंजुरी लागली. न्यायाधीश मऊ आवाजात बोलले, स्वरांगीचे पैसे ती अठराची होईपर्यंत कोर्टात राहतील म्हणाले, आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

बाहेर नदीकाठी थंड वारा होता. स्वरांगीने विचारलं, “सो डिड वी विन, ममा?”

“नाही गं. संपलं,” अस्मिता म्हणाली.

संध्याकाळी मुरलीधररावांचा फोन आला.

“कबूल केलं का त्यांनी?”

“नाही, बाबा.”

“मग सही कशाला केलीस?”

“नाहीतर आठवडाभर कोर्टात ते एकच म्हणत बसले असते. हृषी निष्काळजी होता. स्वरांगीसमोर. मला ते ऐकायचं नव्हतं.”

पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केला. मग त्यांनी विचारलं, “ती जेवली का?” आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.