फुटाण्यांची बाकी

जऊळक्याजवळच्या एका खेड्यातले नानाजी मास्तर हिशेबाला पक्के, पण नोकरीला कच्चे. सहा वर्षं झाली तरी कायम नव्हते. यंदा तपासनीस साहेबांना चौथीचा भागाकार पटला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी जाऊन वखर धरायचा, असा सरळ मामला होता.

पाढे पोरं झकास म्हणायची, झुलत, सुरात, अगदी तिसापर्यंत. भागाकार म्हटला की मात्र सगळ्यांची दातखीळ बसे. मास्तरांनी छडी वापरून पाहिली, गोड बोलून पाहिलं, शेवटी हात टेकले. मग एका बाजाराला पदरचे फुटाणे आणले आणि पोरांपुढे ओतून म्हणाले, घ्या, सारखे वाटा. आणि काय सांगू, महिन्याभरात वर्ग भागाकारात तरबेज!

आता ही पोरं आयांबरोबर कापूस वेचायला जाणारी. वेचणाऱ्या बायका शेवटी ढीग सारखे करत आणि उरलेला ओंजळभर कापूस लेकुरवाळीच्या ढिगात टाकत. त्यावरून कधी तंटा नाही. पोरांनी शाळेत तोच कायदा चालवला. उरलेले फुटाणे वर्गातल्या सगळ्यात लहान खेमाला. मास्तरांनाही ते गोड वाटलं. गडबड झाली ती इथेच.

साहेब सकाळच्या गाडीने उतरले. चहासुद्धा न घेता त्यांनी जानराव पाटलाच्या रुख्मिणीला उभं केलं. सत्तेचाळीस आंबे सहा जणांत वाटले, तर प्रत्येकाला किती? सात, ती म्हणाली. बाकी किती? काहीच नाही. साहेबांनी बाकीच्यांना विचारलं. सगळ्या वर्गाचं तेच, काहीच नाही! साहेबांनी कपाळाला आठ्या घालून शेऱ्याची वही उघडली.

मास्तरांना पोरीवर डाफरून मोकळं होता आलं असतं, सहा वर्षांत तसं करणारे मास्तर त्यांनी पाहिले होते. पण रुख्मिणी त्यांच्याकडेच बघत होती, अगदी भरवशाने.

"साहेब, पोरगी चुकली नाई," मास्तर उठून म्हणाले. "मीच तसं शिकवलं. काय लिवाचं थे माह्या नावावर लिवा."

साहेबांनी टाक खाली ठेवला. पोरीकडे वळून विचारलं, काहीच कसं उरलं नाही?

"पाच उरले होते," रुख्मिणी म्हणाली. "थे खेमाले देल्ले. लहान हाये ना थो."

साहेबांनी खाली मान घालून बराच वेळ लिहिलं आणि वही मास्तरांपुढे सरकवली. भागाकार उत्तम, शिक्षकास कायम करावे. मास्तरांनी ते तीनदा वाचलं. मग वही छातीशी धरून, सगळ्या वर्गासमोर, सहा वर्षांचं सगळं एकदम रडले.