चौघांचं वजन

वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढल्यामुळे सगळे त्यांना काटेकाका म्हणत. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, आकडा लिहायचा. माल उतरवून गाडी परत आली की रिकामीचं वजन करायचं, वजाबाकी करून पावती फाडायची. भरलेल्या गाडीच्या केबिनमध्ये दोन जास्तीची माणसं झोपवून आणायची आणि रिकामी आणताना ती उतरवायची, ही युक्ती इतकी जुनी की पावती फाडण्याआधी काका केबिनचं दार स्वतः उघडून बघत. ड्रायव्हर कुरकुरायचे, "काका, आमच्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर आहे रे बाबा. काट्यावर जास्त आहे."

काका निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी जावयाने चौघांच्या सहलीचा बेत काढला. जावई दातांचा डॉक्टर. हौसेने विमान चालवायला शिकलेला, रीतसर परवाना घेतलेला. क्लबचं चार आसनांचं छोटं विमान त्याला भाड्याने मिळत असे. बसने तळ्याकाठच्या गावी जायला अख्खा दिवस लागतो, विमानाने दोन तास. लग्नानंतर सहा वर्षांनी लेक प्रथमच आईबापांबरोबर चार दिवस राहणार होती.

आठवडाभर आधी त्याचा फोन आला. "बाबा, प्रत्येकाचं वजन सांगा. टाकी भरल्यावर माणसं आणि सामान मिळून दोनशे पंच्याण्णव किलो चालतं. माझे चौऱ्याहत्तर, हिचे अठ्ठावन्न."

"माझे सहासष्ट," काकांनी सांगितलं.

"माझे बासष्ट," बायको आतल्या खोलीतून ओरडली. "आणि बॅगा तीस किलो. घरी मोजल्यात."

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "अगं, बासष्ट? दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांकडे सत्तर भरलं. मी शेजारीच उभा होतो."

"त्याचा काटा बिघडलाय. आणि जावयासमोर यावर अवाक्षर काढलंत तर मी घरातून पाऊल बाहेर टाकणार नाही. सांगून ठेवते."

ही पोकळ धमकी नव्हती. एका टोमण्यावरून सख्ख्या बहिणीशी ती चार वर्षं बोलली नव्हती. काकांना मोठा पेच पडला. खरं सांगावं तर सहल मोडते. न सांगावं तर विमान उडतं ते खोट्या पावतीवर, आणि आत आपलीच लेक. खोटी पावती त्यांनी परक्याच्या खडीलाही कधी दिली नव्हती. दोन दिवस विचार करून त्यांनी तोडगा काढला. बायको शेजारी गेली तेव्हा स्वतःच्या बॅगेतून जादा बूट, दुर्बीण, दोन जाडजूड पुस्तकं, स्वेटर, पँट, शर्ट असं मोजून आठ किलो सामान कपाटात ठेवलं. वर गेलेले आठ खाली आले. हिशेब जुळला.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे क्लबच्या विमानांच्या मैदानावर पोचले. शेडमध्ये सामानाचा मोठा काटा होता. जावयाने बॅगा त्यावर ठेवल्या. "बावीसच! आई, तुमचा घरचा काटा चुकला."

"आठ किलो उरले?" लेक खूश झाली. "मग घडीच्या खुर्च्या घेऊ या."

"नको!" काका इतक्या जोरात म्हणाले की तिघांनी वळून पाहिलं. "म्हणजे, आधी सगळे एकदम काट्यावर उभे राहू. बॅगांसकट. एकूण किती ते कळेल. सवय आहे माझी."

बायकोने डोळे मोठे केले. पण एकूण आकड्यात एकटीचा आकडा कुणाला दिसणार? ती चढली. काकांच्या मते दोनशे नव्वद यायला हवे होते. आले तीनशे एक.

बायकोचे आठ तर फिटले होते. मग हे अकरा कुठून आले? जन्मभराच्या सवयीने ते मनातल्या मनात केबिनचं दार उघडून बघू लागले.

"मी आज सकाळीच वजन केलंय," जावई म्हणाला.

"मी काल," लेक म्हणाली. "बाबा, तुमचे सहासष्ट कधीचे?"

"नोकरीला लागताना तपासणी झाली होती, तेव्हाचे."

काका एकटे काट्यावर चढले. सत्त्याहत्तर.

बायको पोट धरून हसली. "अहो, जगाला पावत्या दिल्यात आणि स्वतः एकदाही काट्यावर चढला नाहीत?"

"मला कुणी चढ म्हणालं नाही," काका ओशाळून म्हणाले.

जावयालाही हसू आवरेना. "बाबा, तरी सहा किलो काढावे लागतील. बॅगा उघडा."

बायकोने हाताशी होती ती काकांची बॅग उघडली. आत दोन शर्ट, टॉवेल आणि दाढीचं सामान. तिने तळापर्यंत हात घातला. बाकीची बॅग रिकामी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो काट्याच्या तबकडीकडे पाहत होता. आठ किलो कुठे गेले आणि कशासाठी, हे तिला कुणी सांगायची गरज राहिली नाही.

तिने बॅगेची चेन लावली. "जावईबापू, तुमच्या त्या कागदावर माझे बासष्ट लिहिलेत ना? ते खोडा. सत्तर लिहा."

"आई?" लेक म्हणाली.

"आई काय? सत्तर म्हणजे सत्तर. तुझ्या बापापेक्षा सातने कमीच आहे." आणि तिने स्वतःची बॅग उघडून इस्त्री, लोणच्याची बरणी, गरम पाण्याची पिशवी आणि उंच टाचांचे दोन जोड भराभर बाहेर काढले. काकांनी ते काट्यावर ठेवले. साडेसहा भरले.

जावयाने चार आकडे नव्याने लिहिले, बेरीज केली आणि विमानाचं दार उघडलं.

चार दिवस काकांनी दोन शर्टांवर काढले. एक अंगात, एक दोरीवर. तिसऱ्या दिवशी दोरीवरचा वाळला नाही, तेव्हा जावयाने स्वतःचा दिला. तो पोटावर लागेना. बायको म्हणाली, "वरची दोन बटणं लावा, खाली कोण बघतंय!" आणि त्यांना तसंच तळ्यावर फिरायला घेऊन गेली.