हाय म्हणजे आहे

गौतमी ओव्हाळला मी आयटीआयमध्ये दोन वर्षं वायरिंग शिकवलं आणि एक शब्द शिकवला: आहे. वायरिंग तिला सहा महिन्यांत आलं. शब्द काही येईना. "अर्थिंग आहे का?" विचारलं की ही म्हणणार, "हाय, सर." मी पुण्याच्या पेठेतला, त्यात चिडका. "हाय काय, हाय? कुणाला हाय-बाय करतेस?" वर्ग हसायचा, तीही हसायची. पुन्हा हायच.

तिचं घर पुण्याबाहेर नांद्याला. वडील भिवाजी तिथल्याच एका नव्या सोसायटीत वॉचमन. पवनचक्क्या सांभाळणाऱ्या एका कंपनीला टेक्निशियन हवेत असं कळलं, तेव्हा मीच तिला मुलाखतीला पिटाळलं. ऑफिस महाळुंग्यात, सातव्या मजल्यावर. अर्ध्या तासात तिने एकदाही हाय म्हटलं नाही. बाहेर येऊन मला फोन. "सर, समदं आहे आहे म्हनले. जीभ दुखाया लागली." निवड झाली. सहा महिने कच्ची नेमणूक, मग पक्की.

काम साताऱ्याकडच्या पठारावर. ऐंशी मीटरचा मनोरा, आत सरळ शिडी, अंगाला सुरक्षेचे पट्टे. पहिल्या आठवड्यात तिला हातात चमचा धरवेना. तिचा जोडीदार शैलेश, दहा वर्षं चढणारा. दम कुठे घ्यायचा, कुठल्या वाऱ्यात मुकाट खाली यायचं, सगळं त्याने शिकवलं. "पोरगी काय चढणार" म्हणणाऱ्यांची तोंडंही त्यानेच बंद केली. एका नियमाला मात्र सूट नव्हती. वर जाणाऱ्याने खालच्या स्विचला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. या चक्क्या महाळुंग्याच्या ऑफिसातून चालू-बंद होतात. कुलूप असलं की तिथून कुणी कितीही बटणं दाबो, चक्की हलत नाही.

पाचव्या महिन्यात बारा नंबरची चक्की बंद करून शैलेश वर निघाला. कुलूप गाडीत राहिलेलं, गाडी लांब. "ऱ्हाऊ दे गं, पाच मिन्टाचं काम. तू हायेस की खाली." गौतमीला ते खटकलं, पण गुरूला कसं बोलायचं? ती गप्प बसली.

तो वर पोचला असेल-नसेल, तोच ऑफिसातून निरंजन नावाच्या इंजिनिअरचा फोन आला. वारा मोठा, आवाज तुटत होता. "बारा नंबर बंद दिसतोय. वर कोणी आहे का?"

"हाय, सर! हाय!"

"हाय, गौतमी! ओके, चालू करतो." फोन कट.

तिने फोन फेकला आणि मनोऱ्याच्या दारातलं, चक्की जागच्या जागी थांबवायचं लाल बटण पूर्ण पंजाने दाबलं. वर पाती जेमतेम हलली होती. शैलेशची बाही फिरत्या दांड्यात ओढली जाऊन फाटली. हात वाचला.

चौकशी झाली. निरंजनने अहवाल लिहिला. कारण: टेक्निशियनची बोलीभाषा. उपाय: भाषा-प्रशिक्षण. खाली गौतमीची सही तेवढी बाकी. सही केली की विषय संपला, महिन्याभरात नेमणूक पक्की. शैलेशही म्हणाला, "कर बाई. कुलपाचं कळलं तर माझी नोकरी जाईल."

त्या संध्याकाळी तिने मला फोनवर विचारलं, "सर, करू का सही?"

"कर," मी म्हणालो. वर ऐकवलंही, "दोन वर्षं घसा फोडून सांगत होतो ना, आहे म्हण म्हणून!" तिने फोन ठेवला. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी तिने अहवालाखाली आपल्या अक्षरात लिहिलं, "वर मानूस हाय, हे मी दोनदा सांगितलं. कुलूप न्हवतं. कुलूप न्हाई हे मला दिसत हुतं, तरी मी बोलले न्हाई, ही माझी चूक." आणि त्याच्याखाली सही केली.

शैलेश महिनाभर घरी बसला. निरंजनला समज मिळाली. गौतमीची कच्ची नेमणूक आणखी सहा महिने लांबली. भिवाजी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मास्तर, पोरीनं हातची पक्की नोकरी घालवली बगा."

शैलेश परत आला तो तिच्याशी बोलेना. पण चढण्याआधी स्विचला कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "हाय का नीट?"

"हाय," ती म्हणाली. मग तो चढला.

हे तिने मला फोनवर सांगितलं. तिची नेमणूक अजून कच्चीच आहे.

यंदाच्या नव्या पोरांना मी पहिल्याच तासाला स्विच दाखवला. म्हणालो, "याला हात लावायच्या आधी विचारायचं, पलीकडं माणूस हाय का?" वर्ग फिदीफिदी हसला, मास्तर हाय म्हणाले! म्हटलं, हसा लेको, पण जसं बोललो तसंच लिहून घ्या.