आबा, पुन्हा एकदा

“त्यांच्या लक्षात राहत नाही ना, मग झालं तर,” नवरा पुन्हा म्हणाला, तेव्हा वहिनीने हातातला भाताचा चमचा पातेल्यात आपटला.

“लक्षात राहत नाही म्हणून पोटात गुद्दा घातला तर चालतो का हो? तोही सकाळपर्यंत विसरतील.”

“तू विषय कुठल्या कुठे नेतेस.”

“मी नाही नेला. तुमच्या लेकीने नेलाय.”

लेक कॅमेरा पोटाशी धरून भिंतीला टेकली होती. तिचं बारावीचं वर्ष. घरात वर्षभर एकच घोकणं चाललं होतं, सिनेमाच्या कॉलेजात प्रवेश. पोरं हजारो, जागा मूठभर. क्लासचे सर म्हणायचे, लेखी परीक्षा कुणीही काढतो, निवड होते ती घरी केलेल्या छोट्या फिल्मवर, आणि तिच्यात जखम हवी. पोरीने आधी आईच्या कारखान्यात जाऊन कापडातून सरसर जाणारी कात्री टिपली होती. सर म्हणाले, छान आहे, पण जखम कुठाय? तेव्हापासून वर्गातली पोरं आपापल्या घरात जखमा हुडकत फिरत होती. एकाने तर म्हणे धडधाकट आत्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं.

वहिनी शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. तिथे पडलेलं ‘वहिनी’ हे नाव तिच्यामागे घरापर्यंत आलं होतं. सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, सगळं तीच करायची. आबांना आता फारसं काही आठवत नसे. आपली बायको गेली, हेही नाही. ते विचारत, “ही कुठे गेली?” त्यावर घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, अगदी दूधवाल्यानेही एकच उत्तर द्यायचं, असा वहिनीचा दंडक होता. “भावाकडे गेल्यात. उद्या येतील.” मग आबा समाधानाने म्हणत, “तिला म्हणावं, छत्री विसरू नको.”

आठवडाभर पोरगी शाळेतून आली की आबांच्या खोलीत जाऊन दार लावून बसायची. वहिनीला बरं वाटलं होतं. कारखान्यात तिने चारचौघींना सांगितलंही, आमची पोर आजोबांजवळ बसते, आजकालच्या पोरांसारखी नाही. ते आठवून आता तिला स्वतःच्याच जिभेची शिसारी आली.

कारण आबांनी जेवण सोडलं होतं. आज तिने घास पुढे केला, तर त्यांनी तिचं मनगट धरलं. “काहीतरी वाईट झालंय का गं? मला कुणी सांगत नाही. पण इथे,” छातीवर हात ठेवून ते म्हणाले, “इथे काहीतरी झालंय.” ‘ही कुठे गेली’ हे त्यांनी विचारलंच नाही. दोन-तीन दिवसांत विचारलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

तिने पोरीला विचारलं, रोज आत काय करतेस? पोरीने हौसेने कॅमेराच पुढे केला.

पलंगावर आबा. पोरीचा मऊ आवाज. “आबा, आजी वारली.” आबांचा चेहरा आधी कोरा, मग आतून कुणी दोरा ओढावा तसा गोळा होत गेला. पडदा काळा झाला. पुन्हा तोच पलंग. पोरीचा हात पुढे आला, त्याने आबांचे डोळे पुसले, केस विंचरले, सदऱ्याचं बटण लावलं, सगळं पहिल्यासारखं केलं. “आबा, पुन्हा एकदा इकडे बघा हं. आजी वारली.” आबांना ते दर वेळी नव्यानेच कळत होतं. एकदा बाहेर हॉर्न वाजला म्हणून पुन्हा. एकदा त्यांनी तोंड झाकून घेतलं म्हणून पुन्हा. “हात खाली घ्या ना आबा, चेहरा दिसत नाही.”

वहिनीने कॅमेरा पोरीच्या हातात परत कोंबला. तिला भाताचा वासही नकोसा झाला.

“सर म्हणाले, हे सोनं आहे,” पोरगी आता म्हणाली. “खरं रडू आहे आई ते, नाटक नाही. आणि शेवटी मी सांगायचेच ना, आजी उद्या येणार म्हणून. शांत व्हायचे ते.”

“हो, आणि दुसऱ्या दिवशी परत मारायचीस तिला.”

“मी कुठे मारलं? आजी तर आधीच...”

“मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. जित्या माणसाच्या टाळूवरचं खाणारी माझ्याच पोटी निघाली.”

“अगं, तोंड सांभाळ,” नवरा म्हणाला. “वडील माझे आहेत. मला काही वाटत नाही, तर तुझं काय? संध्याकाळी पाठवायचीय फिल्म. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

नवऱ्याने चष्मा काढून बनियनला पुसला. “एकदा दिवा धरला होता मी,” तो म्हणाला. “उजेड कमी पडत होता.”

वहिनी त्याच्याकडे ताटात पाल पडल्यासारखी बघत राहिली.

“कात्रीची फिल्म पाठवली तर माझा नंबर लागणार नाही,” पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही किती छान दिसतंय, असं वहिनीच्या मनात आलं आणि तिला त्याचीही किळस वाटली.

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले.

“कॅमेऱ्यातलं आबांचं सगळं आत्ता पुसायचं, माझ्यासमोर,” ती म्हणाली. “संध्याकाळी कात्रीची जाईल. नंबर लागला तर लागला. आणि आजपासून त्या खोलीचं दार लागणार नाही. त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही दोघांनी सकाळ-संध्याकाळ आत जाऊन सांगायचं, भावाकडे गेल्यात, उद्या येतील.”