गच्चीला टेकणारी मालगाडी

नाशिकरोडला आमच्या घरामागून मालगाडीची एक लाइन जायची. स्टेशनातून फुटून, उंच भरावावरून, वस्तीच्या डोक्यावरून ती एका कारखान्याला कोळसा पोचवी. पुढे कारखाना बंद पडला, रूळ उचलून नेले; आता भरावावर नुसत्या बाभळी. नव्वदच्या दशकात मात्र तिचा दरारा होता. भराव इतका उंच, की डबे थेट आमच्या गच्चीशी येऊन उभे राहत.

मालगाडीला वेळापत्रक नसतं, पण आमच्या वडिलांकडे ते होतं. त्यांच्या मते रविवारी गाडी येत नसे. म्हणून ताईच्या रुखवतातल्या कुरडया रविवारी गच्चीवर घालायचं ठरलं. त्या आपल्याच हातच्या हव्यात, हा आईचा हट्ट. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून तिने पहाटेपासून सोऱ्या फिरवला. मी मदतीला होतो. म्हणजे पातेलं आई उचलायची आणि मी "सांभाळून" म्हणायचो.

शेवटची कुरडई पडली आणि गाडी आली. आली ती थांबलीच. त्यात वारा सुटला. उघड्या डब्यांतून कोळशाची भुकटी उडायला लागली. ओली कुरडई जागची हलवता येत नाही, वर कापड टाकलं तर कापडालाच चिकटते. आम्ही चौघं साडी ताणून उभे राहिलो, तर वारा खालून शिरला.

गार्डाचा डबा समोरच होता.

"भाऊ, जरा पुढे घ्या ना गाडी," आई म्हणाली. "लेकीच्या लग्नाच्या कुरडया आहेत हो."

"वहिनी, माझ्या हातात फक्त झेंडा. सिग्नल मिळाला असता तर मी आत्ता मनमाडला घरी जेवत असतो."

"अहो, पण आज रविवार आहे!" वडील म्हणाले.

"मीही घरी हेच सांगून आलोय, साहेब."

मग मी इंग्रजीतून निषेध नोंदवला. गार्डाने मान हलवली. गाडी हलली नाही.

"नाचणीच्या आहेत म्हणून सांगू," ताई म्हणाली. कुणीच हसलं नाही. शेवटी गाडी सुटली, तेव्हा हिसक्यासरशी उरलीसुरली भुकटीही खाली आली.

पुन्हा गहू भिजवण्याइतके दिवस नव्हते. निफाडच्या मावशीने आपल्या डब्यातल्या कुरडया दिल्या.

लग्नात ताईच्या सासूबाई रुखवतापाशी थांबल्या. "विहीणबाई, काय पांढऱ्याशुभ्र कुरडया! असा हात लागतो!"

मावशी शेजारीच उभी. आईने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"हो ना," आई म्हणाली, आणि कोरडं कपाळ पदराने पुसत राहिली.