ताईंचा राक्षस

आमच्या शेजारच्या आरोग्यसेविका ताई अंगात आलेल्या बाईलाही दटावून दवाखान्यात नेतात. "भूतबित काही नसते," हे त्या प्रत्येक दारात सांगतात. दुपारी मात्र दार लोटून मोबाइलवर जुने ब्रिटिश भयपट बघतात. अंतराळातून आलेला रबरी राक्षस आणि त्याच्यापुढे पळणारं लंडन. मी आत गेले की मोबाइल पालथा ठेवतात. "बातम्या पाहून राहिली होती," म्हणतात.

परवा बुद्धविहारात त्या बायकांना पोषणाची चित्रफीत दाखवणार होत्या. मोबाइल टीव्हीला जोडला आणि अर्धवट राहिलेला राक्षसच किंचाळत पुढे आला. बायका आधी भ्याल्या, मग हसत सुटल्या.

"आमाले म्हणतेस भूत नसते, अन् तू काऊन पाहतेस वं?" एका आजीनं विचारलं.

ताईंचे कान लाल झाले. वायर काढायची सोडून त्या ती बोटाला गुंडाळत राहिल्या.

"आपल्या प्रतापगडाच्या जंगलातून ड्युटीवर एकटीले जावं लागते, आजी. मले लय भेव वाटते. कोणाले सांगू? हे पायलं का बरं वाटते."

हसणं थांबलं. आजीनं टीव्हीकडे पाहिलं.

"मंग मरते का तो?"

"मरते," ताई मान वर न करता म्हणाल्या. "आखरीले मरतेच."