मध्यंतरानंतरची गोष्ट

तरुणपणी पाहायचे राहून गेलेले जुने सिनेमे नात मला सध्या एकेक करून दाखवते. परवा तिने लावलेला सिनेमा मात्र मी अर्धा पाहिलेला होता.

तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात होतो. घर अकोल्याला. वडील भिक्षुकी करायचे, त्यामुळे सिनेमाला बंदी. मी चोरून पाहायचो आणि सुटीत थोरल्या कुसुमताईला गोष्ट सांगायचो. त्या दिवशी मध्यंतरात बाबांचे एक यजमान दिसले आणि मी थिएटरातून पळालो.

पुढे घरी आलो तेव्हा ताई देवघरापाशी फुलवाती वळत होती. समईच्या तेलाचा वास होता, तिच्या ओठाला कापसाचा तंतू चिकटलेला होता. सिनेमातल्या मुलीची मध्यंतरापर्यंतची गोष्ट मी तिला सांगितली.

"मंग? बापाले न विचारता गेली ते शिकाले?"

पळालो हे सांगायची मला लाज वाटली. "गेली. पण वापस आली तं बापानं दारच उघडलं नाही," मी ठोकून दिलं.

ताईचे हात थांबले. नागपूरच्या नर्सिंगचा अर्ज मीच तिला आणून दिला होता. बाबांना न सांगता तिने तो भरूनही ठेवला होता. तो तिने पाठवलाच नाही. कारण मला कळत होतं, तरी मी गप्प राहिलो.

परवा उरलेला सिनेमा पाहिला. मुलगी शिकून परत येते, तेव्हा तिचा बाप स्टेशनवर उभा असतो.

ताई आता बार्शीटाकळीला असते. मी फोन करून सगळं सांगितलं.

"स्टेशनवर आला होता?"

"हो."

"आपले बाबाही आले असते रे," ती म्हणाली.